काचबिंदूवर लेझर : गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली मात्र वाचवता येते



गेले काही महिने संस्थेच्या ऑफिसात मासळीच्या दराइतकीच डोळ्यांची चर्चा आहे. कुणाचा मोतीबिंदू पिकायला आलाय, कुणाला डॉक्टरांनी "काचबिंदू आहे, लेझर करून घ्या" असं सांगितलंय. लेझर म्हटलं की निम्मी माणसं घाबरतात. "डोळा जाळतात म्हणे ओ," असं परवा एका तात्यांनी विचारलं. उरलेल्यांना वाटतं, एकदा लेझर मारला की नजर पहिल्यासारखी लख्ख होणार. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्या समजामुळे माणूस दवाखान्यात जातच नाही आणि दुसऱ्यामुळे एकदा जाऊन परत फिरकत नाही. नुकसान दोन्हीकडे नजरेचंच होतं. म्हणून या खेपेला बाजारभाव आणि मत्स्यबीज सोडायच्या तारखा बाजूला ठेवून काचबिंदूबद्दल लिहितोय. लेख थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

आपल्याकडे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव कुठंही जा, डोळ्यांचं शिबिर म्हटलं की लोकांच्या डोक्यात मोतीबिंदूच येतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून ते काढतात, नवीन भिंग बसवतात आणि माणसाला परत दिसायला लागतं. म्हणून "पिकू दे, मग बघू" असं म्हणून थांबलेल्यांचंही बहुतेक वेळा भागून जातं.

काचबिंदूत असं थांबून चालत नाही. यात बिघाड भिंगात नसतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस आहे, ती हळूहळू सुकत जाते. सुकलेली नस परत जिवंत करणारं औषध, ऑपरेशन किंवा लेझर आज जगात कुठंही नाही. जेवढं दिसायचं कमी झालं, तेवढं कायमचं गेलं. आज उपचाराने एकच गोष्ट हातात आहे, ती म्हणजे डोळ्यातला दाब कमी करून उरलेली नस वाचवणं. थेंब, लेझर, ऑपरेशन हे सगळे त्याच एका कामाचे वेगवेगळे मार्ग.

तळ्याचा सांडवा आणि डोळ्याचा सांडवा

डोळ्यातला दाब म्हणजे काय, हे आपल्या माणसांना तळ्यावरून चटकन कळेल. तळ्यात एका बाजूनं पाणी येतं, दुसऱ्या बाजूला सांडव्यातून जातं. मासे निसटू नयेत म्हणून आपण सांडव्याला जाळी बांधतो. जाळी स्वच्छ असली की पाण्याची पातळी जिथल्या तिथं राहते. जाळीत पालापाचोळा, शेवाळ अडकलं की पाणी तुंबतं, पातळी चढते आणि सगळा ताण बांधावर येतो. बांध जिथं कच्चा, तिथं आधी खचतो.

डोळ्याच्या आत असंच पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत. हे पाणी आतल्या आत फिरून डोळ्याचं पोषण करतं आणि बुबुळाच्या कडेला, कोपऱ्यात असलेल्या बारीक जाळीतून बाहेर निघून जातं. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि तो मागच्या नसेवर पडतो. साधारण १० ते २१ हा दाब सर्वसाधारण धरतात. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये तो मोजतात.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा दाब आणि रक्तदाब वेगळे. "आमचं बीपी नॉर्मल आहे" म्हणून डोळ्याचा दाब नॉर्मल असेल असं नाही. दुसरी, आकडा २१ च्या खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. काहींची नस कमी दाबातही सुकते. तळ्याचं पाणी बेताचंच असलं तरी कच्चा बांध खचतो, तसंच हे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने मध्य भारतातल्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले, तेव्हा सरासरी दाब साधारण १३ ते १४ निघाला. म्हणजे आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसाला २० हा आकडा सुद्धा चढाच असू शकतो. त्यामुळे दाबाबरोबर नसही बघावी लागते.

जाळी तुंबण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जाळीपर्यंतची वाट मोकळी असते, पण जाळीच आतून भरते. दुसऱ्यात जाळी चांगली असते, पण डोळ्याचा रंगीत पडदा पुढं सरकून तिच्या तोंडावर बसतो, जसं एखादं प्लॅस्टिकचं पोतं वाहत येऊन सांडव्याच्या तोंडाला चिकटावं. दोन्हींवरचा लेझर वेगळा आहे. तो पुढं सांगतो.

कळत का नाही?

कारण दुखत नाही. बहुतेकांना ना आग, ना पाणी, ना लाली. नजर जाते ती कडेनं जाते. समोरचं नीट दिसतं, मोबाईलवरचं वाचता येतं, जाळ्याची गाठ मारता येते. पण बाजूनं आलेली दुचाकी दिसत नाही, डाव्या हाताचा दोर दिसत नाही, फेकलेल्या जाळ्याच्या कडेचे बोये दिसत नाहीत. एका डोळ्यात जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आपल्या धंद्यात पहाटेच्या अंधारात तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून पाण्यात जायचं असतं. तिथं कडेची नजर म्हणजे जीव आहे.

चेन्नईजवळच्या खेड्यांत ४० वर्षांवरच्या लोकांची मोठी तपासणी झाली होती. तिचा निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या वाटेचा काचबिंदू असलेल्यांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णवांपेक्षा जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे तपासणी होईपर्यंत माहीतच नव्हतं. २०१० च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात चाळिशीच्या पुढचे एक कोटीहून जास्त लोक काचबिंदूचे आहेत. आता आपल्या गावात किती जणांना माहीत आहे, हे तुम्हीच मोजा.

थेंब सुटले की काय होतं

काचबिंदू सापडला की बहुतेक ठिकाणी आधी थेंब देतात. थेंब चांगलेच आहेत, दाब नक्की कमी करतात. पण रोज, न चुकता, जन्मभर घालावे लागतात. खरी अडचण तिथं आहे.

आपल्या एका ज्येष्ठ सभासदांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्यांना काचबिंदू वेळेत सापडला होता. दोन-तीन वर्षं थेंब चालू होते. मग एका पावसाळ्यात मासेमारी बंद, हातात पैसा नाही, बाटली संपली. दुखत तर काहीच नव्हतं. "पाणी उतरलं की आणू" म्हणता म्हणता वर्ष गेलं. पुढं एकदा तळ्यावर जाळं ओढताना बाजूला ताणलेला दोर दिसला नाही आणि ते पाण्यात पडले. बरोबर पोरगा होता म्हणून निभावलं. तपासलं तर डाव्या डोळ्याला फक्त नळीतून बघितल्यासारखं मधलं दिसत होतं. तो डोळा आता तेवढाच राहणार. उजव्या डोळ्याला मात्र वेळेत लेझर झाला, दाब २७ वरून १९ वर आला. एक थेंब अजून चालू आहे. ते आजही संस्थेच्या वजनकाट्यावर बसतात आणि कुणी डोळ्याचा विषय काढला की आधी विचारतात, "थेंब घातलास का रे?"

थेंबांबद्दल आणखी तीन गोष्टी:

एक. टिमोलॉल नावाचा स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा थेंब दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतो. नाडी मंद असणाऱ्यांनाही तो चालत नाही. आपल्या निपाणी भागात तंबाखू आणि विडीच्या कामात आयुष्य गेलेली, दम लागणारी माणसं घराघरात आहेत. डोळ्याच्या डॉक्टरांना "मला दमा आहे" हे आपणहून सांगा.

दोन. उन्हाची तिरीप आणि पाण्याची चकाकी यामुळे आपले डोळे नेहमी लाल. मग मेडिकलमधून कुठलाही "लाली जाणारा" थेंब आणून महिनोन्‌महिने घालायची सवय. अशा काही थेंबांत स्टिरॉइड असतं. त्यानं लाली जाते, पण काही लोकांचा डोळ्याचा दाब चढतो आणि काचबिंदू होतो. चिठ्ठीशिवाय थेंब नको.

तीन. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरा. औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं.

लेझर म्हणजे नक्की काय करतात

पहिला प्रकार, जाळी साफ करणारा. याला डॉक्टर लोक एसएलटी म्हणतात. वाट मोकळी पण जाळी भरलेली, अशांसाठी हा. डोळ्यात बधिर करायचा थेंब टाकतात, इंजेक्शन नाही. नेहमीच्या तपासणीच्या मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं. डोळ्यावर एक छोटी काच टेकवतात आणि तिच्यातून जाळीवर गोलाकार साधारण शंभर बारीक झोत मारतात. हिरवट उजेड चमकल्यासारखा दिसतो, टिक-टिक आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत काम होतं. पट्टी नाही, टाके नाहीत, दवाखान्यात राहणं नाही. त्याच दिवशी घरी.

आता तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर. डोळा जळत नाही. एकेक झोत इतका छोटा असतो की एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले तर त्यातले ३ भाग. आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. जाळीतल्या ठरावीक रंगाच्या पेशींनाच तो लागतो, मग शरीराच्या स्वतःच्या सफाई करणाऱ्या पेशी तिथं येऊन जाळी मोकळी करतात. १९७९ पासून जो जुना लेझर होता तो जाळीवर खरोखरच बारीक चटके द्यायचा, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा करता येत नसे. "डोळा जाळतात" ही भीती कदाचित तिथूनच आली असेल. नवीन प्रकार अमेरिकेतले डॉ. मार्क लॅटिना यांनी पुढं आणला, २००१ मध्ये त्याला तिथल्या सरकारी खात्याची मान्यता मिळाली. परिणाम कमी झाला तर हा पुन्हा करता येतो.

दुसरा प्रकार, पडद्याला भोक पाडणारा. रंगीत पडदा पुढं सरकून वाट बंद करतोय, अशांसाठी हा. याग लेझरनं पडद्याच्या कडेला टाचणीच्या टोकाहून बारीक भोक पाडतात. मागं अडकलेलं पाणी त्यातून पुढं येतं, पडदा मागं सरकतो आणि जाळीचं तोंड मोकळं होतं. हा काचबिंदू आपल्या आशियाई लोकांत गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसतो. बायकांत आणि लांबचा प्लस नंबर असणाऱ्यांत त्यातही जास्त. वाट नुसती अरुंद असलेल्या सगळ्यांना हा लेझर लगेच लागतोच असं नाही. चीनमध्ये ग्वांगझो इथं ८८९ लोकांच्या एका डोळ्याला लेझर करून आणि दुसरा तसाच ठेवून सहा वर्षं पाहिलं. लेझरवाल्या १९ डोळ्यांत आणि बिनलेझरच्या ३६ डोळ्यांत बिघाड सुरू झाला. फायदा आहे, पण मुळात धोका थोड्यांनाच होता. म्हणून कुणाला लागेल ते कोन तपासून डॉक्टर ठरवतात.

तिसरा प्रकार, पाणी तयार होण्याची जागाच थोडी बंद करणारा. म्हणजे सांडवा सुधारत नाही म्हणून येणारं पाणी कमी करायचं. हा बहुतेक वेळा खूप पुढं गेलेल्या, दुखणाऱ्या डोळ्यासाठी ठेवतात. यात इंजेक्शननं भूल लागते.

एक गोंधळ नेहमी होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी "जाळी आली" म्हणून लेझर करतात. साखरेच्या रोग्यांना डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लेझर करतात. ते लेझर वेगळे. "माझा लेझर झालाय" म्हणजे काचबिंदूचाच झालाय असं नाही. कागदावर काय लिहिलंय ते बघून घ्या.

खरंच उपयोग होतो का?

लंडनच्या मूरफील्ड्स डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या पुढाकाराने ७१८ नवीन रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना आधी थेंब, निम्म्यांना आधी एसएलटी. २०१९ मध्ये निकाल आला. लेझरवाल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. त्या तीन वर्षांत थेंबवाल्या गटात ११ जणांना काचबिंदूचं ऑपरेशन लागलं, लेझरवाल्यांत एकालाही नाही. सहा वर्षांनीही लेझरवाले जवळजवळ ७० टक्के डोळे थेंब आणि ऑपरेशनशिवाय ताब्यात होते. त्यानंतर २०२२ पासून ब्रिटनमध्ये बऱ्याच नवीन रुग्णांना आधी लेझरच सुचवा, असं अधिकृत मार्गदर्शन आलं.

कुणी म्हणेल, ते लंडनचं झालं, आपलं काय? तर आफ्रिकेतल्या टांझानियाचं ऐका. तिथंही दवाखाना लांब, पैसा तोकडा, आणि रुग्ण उशिरा येतात. किलिमांजारो डोंगराजवळच्या हॉस्पिटलात २०१ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. एका वर्षानंतर टिमोलॉल थेंबवाल्यांत ३१ टक्के डोळ्यांत उपचार यशस्वी ठरला, लेझरवाल्यांत ६१ टक्क्यांत. रोज थेंब घालणं जिथं जमत नाही, तिथं एकदा करून मोकळं होणारा लेझर जास्त कामाला येतो, हे यातून दिसतं. आपली परिस्थिती लंडनपेक्षा टांझानियाच्या जवळची आहे, हे सांगायला नकोच.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा. टांझानियात शंभरातल्या ३९ डोळ्यांना लेझर पुरा पडला नाही. एसएलटीनं दाब साधारण २० ते ३० टक्के कमी होतो, तोही लगेच नाही, चार ते आठ आठवडे लागतात. काही वर्षांनी परिणाम ओसरतो. म्हणून लेझरच्या दुसऱ्या दिवशी थेंब फेकून देऊ नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायचे. लेझरनंतर काही जणांचा दाब थोडा वेळ उलटा चढतो, त्यामुळे तासाभराने परत मोजतात, तेवढं थांबा. एक-दोन दिवस थोडं अंधुक दिसणं, चुरचुर, लाली होऊ शकते. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका. पाण्यात कधी उतरायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लेझर होवो की थेंब, दाबाची आणि नसेची तपासणी मात्र जन्मभर. सांडवा एकदा साफ केला म्हणून दर पावसाळ्यात बघायचं सोडतो का आपण?

हे झालं तर त्याच दिवशी दवाखाना

एकाएकी डोळा भयंकर दुखायला लागला, लाल झाला, डोकं ठणकतंय, उलटी होतेय, अंधुक दिसतंय, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतायत. हे सगळं एकदम वाट बंद झाल्याचं लक्षण असू शकतं. आपल्याकडे याला "पित्त झालंय" म्हणून गोळी घेऊन झोपतात. यात एक-दोन दिवसांत डोळा कायमचा जाऊ शकतो. सकाळची वाट बघू नका, रात्री निघा.

कुणी तपासून घ्यायचं

चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी सगळ्यात आधी, कारण त्यांना धोका अनेक पटींनी जास्त. शिवाय साखरेचे रोगी, जास्त मायनस नंबरवाले, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेले आणि ज्यांच्या डोळ्याला कधी जोराचा मार बसलाय ते. वल्हं, बांबू, गळ यांचा मार आपल्यात कुणाला नवा नाही. तो मार वर्षांनंतरही दाब वाढवू शकतो.

नुसता चष्म्याचा नंबर काढला म्हणजे तपासणी झाली नाही. डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा :
१. माझ्या दोन्ही डोळ्यांचा दाब किती?
२. नस कशी आहे?
३. जाळीची वाट मोकळी आहे की अरुंद? (ही तपासणी काच लावून करतात, गोनिओस्कोपी म्हणतात.)
४. कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट करायची का?
५. मला लेझर चालेल का, कुठला, आणि तो इथं होतो का?

सगळ्याच ठिकाणी सगळे लेझर नसतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय (बिम्स) आणि केएलई हॉस्पिटल, कोल्हापुरात सीपीआर अशी मोठी रुग्णालयं आहेत. जाण्याआधी फोन करून मशीन, दिवस आणि खर्च विचारा. आपण सीमेवरचे लोक, कार्ड कर्नाटकाचं आणि दवाखाना कोल्हापूर-मिरजेचा असं नेहमी होतं. कुठलं कार्ड कुठं चालतं, हे बसमध्ये बसण्याआधी ठरवा. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ साली सुरू झालेली यशस्विनी योजना मध्यंतरी बंद होती, ती २०२२-२३ पासून पुन्हा चालू झाली आहे. ज्यांचं यशस्विनी कार्ड आहे त्यांनी आपला उपचार यादीत बसतो का, हे हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी लिहून घ्यावं. कार्डाचं काम राहिलं असेल तर ऑफिसात या, कागद आपण बघू.

आता संस्थेचं काम सांगतो. ऑफिसात एक वही ठेवली आहे. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक सभासदानं नाव, शेवटची डोळे तपासणी कधी झाली आणि घरात कुणाला काचबिंदू आहे का, एवढं लिहायचं. वाचता-लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ. दहा नावं झाली की एक गाडी करून एकत्र जायचं, म्हणजे भाडंही वाटून येईल आणि एकट्याला भीतीही वाटणार नाही. घरातल्या बायकांचीही नावं द्या. मासळी विकायला बाजारात त्याच बसतात, पण तपासणीला शेवटी जातात. ज्यांचे थेंब चालू आहेत त्यांनी पावसाळ्याआधी दोन महिन्यांच्या बाटल्या घेऊन ठेवा. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी थेंब बंद करण्याआधी आम्हाला सांगा, थेंब बंद केल्यावर नको.

वही टेबलावरच आहे. सोमवारपासून या.

आपले,
सचिव व संचालक मंडळ